पहिल्याच खेळात महाकाय पक्षी उतरवायचाय? सांगलीकर गेम मास्टरसाठी वाटाडं टिपण

एखाद-दोन वेळा कुणाच्या तरी घरी बसून भूमिका-खेळ खेळलात, मजा आली, आणि आता सगळ्यांनी मिळून "पुढचा खेळ तू चालव" म्हणून गेम मास्टरचं जोखड तुमच्याच मानेवर ठेवलंय. तुम्हीही हौसेनं ठरवलंय की गोष्टीत एक अवाढव्य पक्षी आणायचा. हत्ती उचलणारा, पंख पसरले की अख्ख्या वाडीवर सावली पडावी असा. चांगलं आहे. पण नवख्या गेम मास्टरच्या हातून हा पक्षी दोन प्रकारे वाया जातो. एक तर तो पहिल्याच फेरीत सगळ्यांना आडवं करतो, नाही तर गेम मास्टर घाबरून त्याला इतका मवाळ करतो की खेळाडू अर्ध्या तासात त्याला लोळवतात आणि उरलेला वेळ भडंग खात बसतात. दोन्ही टळू शकतं. जुन्या गोष्टींत हे पक्षी नेमकं काय करतात ते नीट पाहिलं की निम्मं काम तिथंच उरकतं.

ज्यांनी हा खेळ कधीच पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा अशा खेळांतला पहिला मोठा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. चार-पाच जण बसतात, एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासा पडतो. सांगलीकराला याचं नवल वाटायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हा सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं आपापली भाषणं ऐन वेळी रचून बोलायची. गेम मास्टर म्हणजे तोच सूत्रधार. फक्त शेवट त्यालाही ठाऊक नसतो.

पायरी १ : सामानाची जमवाजमव

खेळाडू तीन किंवा चार. पहिल्या खेळाला सहा-सात जण बोलावू नका, कुणाचीच पाळी लवकर येत नाही आणि मोबाइल बाहेर निघतात. बाकीची यादी अशी:

– सात फाशांचा एक संच (४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे, दहा बाजूंचे दोन). ऑनलाइन मिळतो. एका संचावर सगळ्यांचं भागतं. तोही नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून काढा, खेळ अडत नाही.
– नियम. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम 'एसआरडी ५.१' या नावानं फुकट मिळतात. जानेवारी २०२३ पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. म्हणजे मूळचा उल्लेख ठेवून तुम्ही त्यांचा मराठी अनुवाद करून वाटू शकता. टेबलावर एकाला इंग्रजी वाचता आलं की पुरतं.
– प्रत्येक पात्राचा एक कागद. पहिल्या पातळीची, म्हणजे अगदी नवखी, तयार पात्रं द्या, ती बनवण्यात अख्खी संध्याकाळ जाते.
– चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर.
– सांगली जिल्ह्याचा कुठलाही साधा नकाशा.
– तीन तास, आणि ज्या घरात आरडाओरडा चालतो असं घर.

भडंग हवंच, पण वाटी चमचा देऊन. तेलकट बोटं पात्रांच्या कागदावर उमटली की आकडे वाचता येत नाहीत. आणि घरात आजी-आजोबा असतील तर फासे काढायच्या आधीच सांगून टाका की पैसे लावलेले नाहीत. फासे म्हटलं की आपल्याकडे थेट द्यूतसभाच आठवते.

पायरी २ : पक्षी निवडा, एकच निवडा

इथं घाई करू नका. जगभरच्या गोष्टींत मोठे पक्षी खंडीभर आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. सगळे एकाच खेळात कोंबलेत तर एकही लक्षात राहत नाही. मी नवख्यांना नेहमी यांतलाच एक उचलायला सांगते.

गरुड. महाभारताच्या आदिपर्वातली कथा नव्यानं वाचा, देवळातल्या हात जोडलेल्या मूर्तीपेक्षा हा गरुड फार रांगडा आहे. उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीच्या रंगावरून कद्रूनं कपटानं पैज जिंकली, गरुडाची आई विनता तिची दासी झाली, आणि आईला सोडवायला पोरगं स्वर्गातून अमृत आणायला निघालं. वाटेत भूक लागली. एकमेकांशी वैर धरून हत्ती आणि कासव झालेले दोन भाऊ त्यानं नखांत उचलले आणि खायला म्हणून एका प्रचंड वडाच्या फांदीवर बसला. फांदी मोडली. मोडता मोडता त्याला दिसलं की फांदीला वालखिल्य ऋषी उलटे लोंबकळत तप करताहेत. टाकली तर ऋषी मरतात, म्हणून फांदी चोचीत धरली आणि तो उडतच राहिला. पायात हत्ती आणि कासव, चोचीत झाड, उतरायला जागा नाही. गेम मास्टरनं ही जागा पुन्हा पुन्हा वाचावी. एवढा बलदंड पक्षी, त्याला अडचणीत कसं टाकायचं याचं उत्तर तिथं आहे. त्याच्यापेक्षा मोठा राक्षस आणायची गरज नसते, त्याचे पाय आणि चोच गुंतवली की झालं.

सापळा: खुद्द गरुडाला शत्रू करून त्याच्यापुढे 'प्राणांक' (किती मार सोसेल तो आकडा) लिहू नका. पंढरपूरच्या देवळात गरुडखांबाला मिठी मारणारी माणसं तुमच्याच घरात आहेत. वाद होतो, आणि खरं सांगायचं तर खेळही बेचव होतो. गरुडाच्या वंशातला एखादा सुपर्ण घ्या. उद्योगपर्वात त्यांचा अख्खा लोकच आहे.

जटायू आणि संपाती. दोघे अरुणाचे मुलगे, म्हणजे गरुडाचे पुतणे. लढणारा पक्षी म्हणून सगळे जटायूकडे धावतात. माझ्या मते खेळासाठी संपाती जास्त कामाचा. धाकट्याला सूर्याच्या तापापासून वाचवताना त्याचे पंख जळाले आणि तो समुद्रकाठच्या डोंगरावर भुकेला पडून आहे. सीता सापडत नाही म्हणून वानर तिथंच प्राण सोडायला बसतात, आणि याला वाटतं, जेवण आपल्या पायांनी चालत आलं! तेवढ्यात वानरांच्या बोलण्यात जटायूचं नाव येतं आणि सगळं पालटतं. खाणारा तोच वाट दाखवणारा होतो. फासा न टाकता, निव्वळ एका नावानं लढाई टळते. असा प्रसंग खेळात एकदा तरी ठेवा.

भारुंड. पंचतंत्रातला, पोट एक आणि डोकी दोन. एका डोक्याला गोड फळ मिळालं, त्यानं दुसऱ्याला दिलं नाही, तर दुसऱ्यानं रागानं विषारी फळ खाल्लं. पोट एकच, त्यामुळे दोघंही संपले. हा पक्षी आणलात तर दोन खेळाडूंना एकेक डोकं द्या आणि भांडू द्या. सख्खे भाऊ किंवा नवरा-बायको खेळायला आले असतील तर फारच रंगतं. कर्नाटकच्या राजमुद्रेवरचा गंडभेरुंड हा दिसायला याचाच भाऊबंद, पण त्याचा बाज वेगळा. तो शिल्पांत चोचीत आणि पंजात हत्ती धरून असतो. त्याला भांडकुदळ करू नका, तो राजसत्तेचा पक्षी आहे.

रॉक. अरबी कथांमधला. सिंदबादच्या दुसऱ्या सफरीत त्याचं अंडं घुमटाएवढं दिसतं. सिंदबाद पागोट्यानं स्वतःला त्याच्या पायाला बांधून घेतो आणि हिऱ्यांच्या दरीत जाऊन पोचतो. मार्को पोलोनंही मादागास्करच्या बाजूच्या बेटांवर हत्ती उचलून आपटणारा पक्षी असल्याचं ऐकून लिहून ठेवलंय. गंमत अशी की मादागास्करात एपिऑर्निस नावाचा सुमारे तीन मीटर उंचीचा पक्षी खरोखर होता. त्याची अंडी आजही संग्रहालयांत आहेत, फूटभर लांबीची. पण त्याला उडता येत नव्हतं.

सीमुर्ग. फिरदौसीच्या 'शाहनामा' या फारसी महाकाव्यात पांढऱ्या केसांचं म्हणून टाकून दिलेलं बाळ, झाल, त्याला अल्बुर्झ डोंगरावर हा पक्षी वाढवतो आणि निरोप देताना आपलं पीस देतो. संकटात जाळलंस की मी येईन. खेळाडूंना शेवटी बक्षीस काय द्यायचं हा प्रश्न तुम्हाला पडणारच आहे. सोन्याची नाणी देऊ नका, एक पीस द्या. ते कधी जाळायचं यावरून पुढचे चार खेळ वाद घालतील.

पायरी ३ : पक्ष्याला काय हवंय ते एका ओळीत लिहा

वरच्या गोष्टी पुन्हा नजरेखालून घाला. एकही पक्षी 'गुहेत बसलेला, मारायचा प्राणी' नाही. गरुड आईसाठी निघालाय. जटायू एका किंकाळीला धावून गेलाय. सिंदबादच्या पाचव्या सफरीत रॉक पक्षी जहाज बुडवतात, पण कधी? व्यापाऱ्यांनी अंडं फोडून आतलं पिल्लू खाल्ल्यावर. मग जोडीनं येऊन दगडांचा मारा करतात. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर वेगळं काय केलं असतंत?

म्हणून खेळ रचताना वहीत ही ओळ आधी लिहा: "हा पक्षी ______ साठी आला आहे." रिकाम्या जागी 'भूक' एवढंच आलं तर गोष्ट अजून कच्ची आहे. पिल्लू, दिलेला शब्द, फेडायचं ऋण, हिरावलेली वस्तू, यातलं काही आलं की खेळाडूंना लढण्याखेरीज बोलण्याची, फसवण्याची, तडजोडीची वाट मिळते.

आपल्याकडचंच तयार कथानक हवं असेल तर उद्योगपर्वातलं मातलीचं प्रकरण घ्या. मातली हा इंद्राचा सारथी. मुलगी गुणकेशी लग्नाची झाली म्हणून बाप नारदाला बरोबर घेऊन लोकालोकी स्थळं बघत फिरतो. शेवटी नागांच्या भोगवती नगरीत सुमुख नावाचा नाग पसंत पडतो. घराणं चांगलं, मुलगा देखणा, एकच खोट: त्याच्या बापाला गरुडानं खाल्लंय आणि महिन्याभरात याला खाणार असं सांगून गेलाय! पुढे इंद्र सुमुखाला दीर्घायुष्य देतो, गरुड खवळून येतो, आणि विष्णू नुसता हात त्याच्या अंगावर ठेवून त्याचा ताठा उतरवतो.

आता हे सांगली जिल्ह्यात आणा. नवरदेव नाग, बत्तीस शिराळ्याचा. दुसरं गाव शोधूच नका, नागपंचमी म्हटलं की अख्ख्या महाराष्ट्राला शिराळा आठवतो. खेळाडू म्हणजे मुलीकडची बोलणी करायला आलेली चार माणसं. सुपारी फुटली, याद्या झाल्या, आणि मग मुलाचा आजा खाली मान घालून सांगतो की सुपर्णानं महिन्याची मुदत दिलीय. मुदत असली की खेळाला आपोआप वेग येतो, पाठीमागून ढकलावं लागत नाही. नाग मात्र कागदावरचा. खऱ्या सापांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, टेबलावर रबरी सापसुद्धा नको. कुणीतरी दचकून चहा सांडतं.

पायरी ४ : अंगापिंडाचा हिशेब करा

'खूप मोठा' म्हणून भागत नाही. खेळाडू पहिला प्रश्न विचारतात: केवढा? उत्तर आधीच ठरवा. खऱ्या पक्ष्यांचा अंदाज असा. आज हयात असलेल्यांत सर्वांत रुंद पंख भटक्या अल्बाट्रॉसचे, साधारण साडेतीन मीटरपर्यंत. न्यूझीलंडमधला नामशेष झालेला हास्ट गरुड पंखांनी तीन मीटरच्या आत, पण वजनाला १०-१५ किलो. तो मोआसारख्या अजस्र, न उडणाऱ्या पक्ष्यांची शिकार करायचा. दक्षिण अमेरिकेत लाखो वर्षांपूर्वीचा अर्जेन्टाविस सहा-सात मीटर पंखांचा. म्हणजे निसर्गाची मजल साधारण इथवर. त्यापुढचं सगळं कथेच्या राज्यात.

खेळाच्या नियमांत सुपर्ण नाही, त्याच्यासाठी रॉकचेच आकडे घ्या. रॉक हा सर्वांत मोठ्या आकारगटात येतो आणि चौकटीच्या कागदावर २० फूट बाय २० फूट, म्हणजे चार गुणिले चार घरं व्यापतो. एका फेरीत १२० फूट उडतो. फेरी सहा सेकंदांची, त्यामुळे वेग निघतो ताशी २२ किलोमीटर. जोर लावून ४४. सांगली-मिरज रस्त्यावरची कुठलीही दुचाकी याला मागे टाकेल. हे आकडे लढाईच्या सोयीसाठी आहेत, लांबच्या प्रवासाला लावू नका. नाही तर एखादा गणित बरं असलेला खेळाडू तुमची खिल्ली उडवतो.

हत्तीचा हिशेब तर ऐकाच. रॉकचं बळ २८. नियमानं बळाच्या पंधरा पट पौंड वजन वाहता येतं, आणि एवढ्या मोठ्या आकाराला त्याची आठपट. उत्तर येतं ३,३६० पौंड, म्हणजे दीड टनाच्या आसपास. त्याच्या दुप्पट, तीन टन, हलवता येतं, पण मग वेग फेरीला पाच फूट! आशियाई नर हत्ती तीन-चार टनांच्या पुढेच असतो. थोडक्यात, नियमपुस्तकातला रॉक हत्तीचं पिल्लू नेईल, थोरला हत्ती उचलायला गेला तर जागच्या जागी फडफडत बसेल. अशा ठिकाणी मी नियम बाजूला ठेवते. गोष्टीत तो हत्ती उचलतो, तर उचलतो.

पायरी ५ : नकाशावर घरटं आणि चारा दाखवा

या पायरीला सांगली जिल्हा फार सोयीचा आहे. मोठे पक्षी पंख फार मारत नाहीत, वर चढणाऱ्या हवेवर तरंगतात. ती हवा दोन ठिकाणी मिळते. पश्चिमेचा वारा सह्याद्रीच्या कड्यावर आपटून वर चढतो तिथं, आणि ऊन तापल्यावर उघड्या माळरानावर. आता नकाशा बघा. पश्चिमेला शिराळा तालुक्याच्या टोकाला चांदोलीचं रान, वारणेचं धरण आणि पलीकडे कोकणात कोसळणारे कडे. घरटं तिथं. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळचा कमी पावसाचा माळ, मेंढरांचे कळप, खिलार जनावरं. चारा तिथं. मधे कृष्णाकाठची उसाची हिरवी पट्टी, जिच्यावरून तो रोज ये-जा करतो आणि जिथं लपायला मुबलक जागा.

यातून एक चलाख खेळाडू शोधून काढेल अशी गोष्ट ठेवा: सकाळी हवा तापल्याखेरीज जड पक्ष्याला माळावर तरंगता येत नाही. म्हणजे पहाटेपासून नऊ-साडेनऊपर्यंतचा वेळ माणसांचा. हे आयतं सांगू नका. एखाद्या धनगर तात्याच्या तोंडी घाला: "उन्हं चढायच्या आत मेंढरं वाड्यात घेतो बाबा. त्याचं राज सुरू व्हतं मग."

लपायला सर्वांत झकास जागा म्हणजे हरिपूरची हळदीची पेवं. जमिनीखाली खणलेली, तोंड अरुंद आणि पोट रुंद. एकेक माणूस आत शिरतो, पक्ष्याची चोच शिरत नाही. खेळाडू सुटलो म्हणून खूश होतात, आणि तिथंच तुमचा खरा फासा. बंद पेवात हवा कोंदलेली असते. उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं हे हरिपुरात कुणीही सांगेल. आत उडी मारणाऱ्याला प्रकृतीचा बचाव-फासा (तब्येतीनं तग धरला का हे ठरवणारा) टाकायला लावा. वर पक्षी, खाली गुदमर. शिराळ्यापासून हरिपूर रस्त्यानं साठेक किलोमीटर आहे, त्यामुळे नवरदेवाला तिथवर आणणं हाच एक प्रवास होतो. रात्री, उसातनं.

सापळा: उत्साहाच्या भरात "चला, खरा कडा बघून येऊ" म्हणून रानात घुसू नका. चांदोली हे राष्ट्रीय उद्यान आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वनखात्याची परवानगी लागते.

पायरी ६ : आकडे बसवा, आणि रॉकला लढाईतून बाहेर ठेवा

पहिल्या पातळीच्या पात्राचे प्राणांक साधारण ८ ते १२. रॉकच्या चोचीचा एक घाव सरासरी २७, नखांचा २३, आणि एका पाळीत दोन्ही. त्याचे स्वतःचे प्राणांक २४८. त्याची कठीणपणाची पातळी (साधारण कितव्या पातळीच्या चौघांनी त्याच्याशी लढावं तो आकडा) ११ लिहिलीय, तुमचे खेळाडू पातळी १ चे. याला लढाई म्हणत नाहीत.

तेव्हा मोठा पक्षी हवामानासारखा वापरा. तो येतो, छप्पर उडवतो, कुणाला तरी उचलतो, जातो. त्याला मारण्याचा विषयच नसतो, त्याच्यातून निभावण्याचा असतो. हाणामारीची हौस भागवायला त्याचं पिल्लू ठेवा. त्यासाठी नियमपुस्तकातल्या महागरुडाचे आकडे जसेच्या तसे चालतात: प्राणांक २६, संरक्षण १३ (वार लागायला फाशावर एवढे आणावे लागतात), उडणं ८० फूट, कठीणपणा १. मात्र तोही एका पाळीत चोच आणि नखं दोन्ही मारतो, सरासरी ६ आणि १०. दोन्ही लागले तर नवखं पात्र तिथंच कोसळतं. पहिल्या फेरीत एकच वार करा आणि खेळाडूंना धोका ओळखायला वेळ द्या. महागरुडाला माणसांची बोली कळते पण बोलता येत नाही, हेही वापरा. पिल्लू सगळं ऐकतंय हे खेळाडूंना उशिरा कळलं की मजा येते.

आणखी तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, ऐन वेळी शोधत बसावं लागत नाही.

उचलणं: रॉकच्या नखांतून सुटायला २० बाजूंच्या फाशावर, बळ किंवा चपळाई मिळवून, १९ लागतात. नवख्याला जवळजवळ अशक्य. म्हणून मित्रांनी केलेल्या युक्त्यांना मोकळ्या हातानं सवलत द्या.

पडणं: दर १० फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त २० फासे. शंभर फुटांवरून पडलेल्याला सरासरी ३५ चा फटका, म्हणजे पहिल्या पातळीचं पात्र संपलंच. पक्ष्यानं उचललेल्या माणसाला सोडवायला बाण मारण्याआधी खाली काय आहे ते बघा, असं एकदा तरी मोठ्यानं म्हणा. खाली कृष्णेचा डोह ठेवलात तर तुम्हाला वाट मोकळी.

दिसणं: रॉकची नजर भयंकर तीक्ष्ण, पण अंधारात दिसण्याची वेगळी शक्ती त्याच्या नोंदीत नाही. रात्रीचा प्रवास हा खेळाडूंनी शोधायचा मार्ग आहे. त्यांनी शोधला तर शाबासकी द्या. "नाही, या रॉकला रात्रीचंही दिसतं" असं ऐन वेळी ठोकून देऊ नका. असल्या लबाडीनं गेम मास्टरवरचा विश्वास उडतो.

पायरी ७ : पक्षी दाखवायची घाई नको

पहिला तासभर तो दिसताच कामा नये. आधी त्याच्या खुणा. कळपातली दोन मेंढरं कमी. वाड्याच्या कुंपणाबाहेर एकही ठसा नाही. झाडावर, माणसाच्या हाताला येणार नाही इतक्या उंचीवर, बैलाची घंटा अडकलेली. मग सावली. मी साधारण असं बोलते:

"साडेअकराचं ऊन. तुम्ही बांधावर बसून भाकरी सोडलीय. समोरचा ऊस एकदम गडद होतो. ढग असेल म्हणून तुम्ही वर बघत नाही. मग लक्षात येतं, सावली वाऱ्याच्या उलटी सरकतेय."

आणि थांबा. पुढचं वाक्य बोलू नका. खेळाडूंनाच बोलू द्या.

"मी वर बघते."
"मी नाही बघत. मी नवरदेवाला उसात ढकलतो."
"अरे, नवरदेव नाग आहे, तो आधीच उसात गेलाय मर्दा!"

असं सुरू झालं की तुमचं निम्मं ओझं उतरलं. सांगलीकडच्या बोलीत बोलू द्या, पुस्तकी मराठीचा आग्रह धरू नका. परभाषेतल्या खेळांत राजे-सरदार जसे बोलतात तसं आपली पात्रं बोलायला लागली की सगळेच अवघडतात.

पक्ष्याला मात्र कमी बोलवा. बोललाच तर छोटी वाक्यं, आणि वडीलधाऱ्यासारखं "तुम्ही" न म्हणता "तू". त्याच्या लेखी आपण सगळे कालचे.

पायरी ८ : खेळाच्या दिवशी

सुरुवातीला दोन मिनिटं विचारून घ्या: कुणाला सापाची, उंचीची खरी भीती आहे का? देवाधर्माच्या गोष्टी कुठवर चालतील? उत्तर काहीही आलं तरी चेष्टा नको, त्याप्रमाणे गोष्ट वळवा.

तीन तासांचे ढोबळ भाग पाडा. बोलणी आणि मुदत कळणं यात पाऊण तास, खुणा आणि प्रवास यात तासभर, पिल्लाशी गाठ आणि पेव यात तासभर, उरलेल्यात सुपर्णासमोर उभं राहणं. हे वेळापत्रक मोडणार आहे, मोडू द्या. शेवटची भेट मात्र कापू नका. मधली झटापट गाळली तरी चालते.

शेवटच्या भेटीत खेळाडू काय करतील याचे तीन अंदाज आधी लिहून ठेवा. कुणी पिल्लाच्या बदल्यात नवरदेव मागेल. कुणी संपातीच्या गोष्टीसारखं एखादं नाव घेऊन त्याला थांबवेल, म्हणून सुपर्णाच्या मेलेल्या भावाचं नाव मघाशी धनगर तात्याच्या बोलण्यात पेरून ठेवा. कुणी मुदतीचा काथ्याकूट करेल: महिना म्हणजे अमावास्येपासून की पौर्णिमेपासून? आपल्याकडे अमान्त पंचांग, उत्तरेत पौर्णिमान्त. हा युक्तिवाद कुणी केला तर फासा न टाकता मान्य करा आणि पंधरा दिवस वाढवून द्या. आणि चौथी कल्पना ते काढतीलच, जी तुमच्या वहीत नसेल. तेव्हा दोन मिनिटं चहाचं निमित्त करून आत जा.

खेळ संपल्यावर उठायच्या आत वहीत तीन नोंदी करा: पीस कुणाकडे आहे, पिल्लू जिवंत आहे का, आणि सुपर्णाला कुणी काय शब्द दिलाय. पुढच्या वेळी खेळाडू पहिल्या दोन गोष्टींवरून भांडतात आणि तिसरी साफ विसरलेले असतात. पुढचा खेळ तिथून सुरू करा.